‘अब्राहाम आमचा बाप’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या सांगाड्यांमधील डीएनए तपासून बायबलमधल्या प्राचीन लोकांची कुळे शोधण्याचे जे काम अलीकडच्या काळात झाले आहे, त्याच्या बातम्या आता मराठी वृत्तपत्रांतही येऊ लागल्या आहेत. त्या याव्यात असेच मला वाटते. तक्रार आहे ती मथळ्यांबद्दल, कारण ते बहुधा दोनच साच्यांतून निघतात : एक तर ‘बायबल खरे ठरले’, नाही तर ‘बायबल खोटे ठरले’. सकाळी छापून आलेली बातमी दुपारपर्यंत आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचते आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी आपल्या आडनावाचा धागा इस्राएलाच्या हरवलेल्या दहा वंशांना नेऊन जोडलेला असतो. मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे आणि शरणपूर परिसरात राहणारा ख्रिस्ती आहे. या दोन्ही नात्यांनी थोडे विस्ताराने लिहीत आहे. बायबलमध्ये पूर्वजांची चर्चा विपुल आहे, परंतु ती पुष्कळ ठिकाणी ऐकणाऱ्याचा कुलाभिमान उतरवण्यासाठी येते, आणि जिथे ती तशी येते तिथून पश्चात्तापाची हाक फार लांब नसते, हे माझे म्हणणे आहे.

इस्राएली लोक येण्याआधीपासून कनान देशात राहणाऱ्या कनानी लोकांचेच पाहा. लेबनॉनमधील सैदा, म्हणजे बायबलमधले सीदोन, येथे सापडलेल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या पाच व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या लेबनॉनी माणसाच्या जनुकीय वारशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्या कनानी लोकांसारख्याच समूहातून आलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. परदेशांतल्या काही वृत्तपत्रांनी लगेच लिहिले की, कनान्यांचा समूळ नाश करण्याची आज्ञा देवाने दिली होती, ते तर जिवंत राहिले, तेव्हा बायबल चुकले. आज्ञा होती हे खरे आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ती आहे, आणि ती वाचून ज्याला अस्वस्थ वाटत नाही त्याच्या भक्तीविषयी मला शंका येते. यहोशवाच्या पुस्तकातही काही ठिकाणी सर्वनाशाची भाषा आहे. पण त्यापुढच्याच शास्ते या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडावा, तर तो जवळजवळ सगळा न घालवलेल्या लोकांच्या यादीने भरलेला दिसतो, आणि त्याच्या एकतिसाव्या वचनात, आशेर वंशाने ज्यांना हुसकावले नाही त्यांच्यात, सीदोनच्या रहिवाशांचे नाव स्वच्छ लिहिलेले आहे. ज्या गावच्या हाडांवरून बायबल खोटे ठरवले गेले, त्याच गावची माणसे टिकून राहिल्याची नोंद बायबलमध्येच होती. काही वृत्तपत्रांना पुढे आपले मथळे दुरुस्त करावे लागले ते याचमुळे.

कनान्यांची गोष्ट तिथे संपत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात सोर व सीदोनच्या प्रांतात एक बाई येशूच्या मागे ओरडत येते, आपल्या मुलीसाठी दया मागते. मार्क तिला सुरफुनीकी, म्हणजे सिरियाकडच्या फिनिशियाची, म्हणतो; मत्तय मात्र तिला कनानी म्हणतो. त्या काळी कनानी हे नाव कोणी शेजाऱ्याला देत नसावे, ते धर्मग्रंथातल्या जुन्या वैऱ्यांचे नाव होते, आणि मत्तयाने ते जाणूनबुजून वापरले असे मला वाटते. शिष्य तिला घालवून द्या म्हणतात, खुद्द येशूचे पहिले उत्तरही कठोर आहे, तरी ती हटत नाही, आणि शेवटी तिचा विश्वास मोठा आहे असे तिला ऐकायला मिळते. पेत्रासारख्या शिष्याला मात्र त्याच शुभवर्तमानात, आदल्याच अध्यायात, अल्पविश्वासी म्हटलेले आहे.

इस्राएलाचे किनाऱ्यावरचे जुने वैरी जे पलिष्टी, त्यांच्याविषयीचे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अष्कलोन येथील उत्खननात मिळालेल्या दहा व्यक्तींच्या अवशेषांवरून असे दिसले की, इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाच्या सुमारास त्या बंदरात दक्षिण युरोपाकडून आलेल्या लोकांच्या रक्ताची भर पडली होती आणि दोनेक शतकांत ती स्थानिक लोकांत इतकी मिसळून गेली की पुढच्या पिढ्यांत तिचा माग लागेनासा झाला. बातमी म्हणून हे विलक्षण आहेच. परंतु पलिष्टी समुद्रापलीकडून, कफ्तोराहून आले हे आमोस संदेष्ट्याने पूर्वीच सांगितलेले आहे, आणि त्याने ते ज्या संदर्भात सांगितले तो संदर्भ बातमीत कधीच येत नाही. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. आम्हांला देवाने मिसर (इजिप्त) देशातून बाहेर आणले, आम्ही निवडलेले लोक, या भरवशावर गरिबांना नाडणाऱ्या इस्राएलाला तो नवव्या अध्यायात देवाच्या वतीने विचारतो की, तुम्ही मला आफ्रिकेतल्या कूशी लोकांसारखेच नाही काय. तुम्हांला मी मिसरातून आणले तसे पलिष्ट्यांना कफ्तोराहून आणि अराम्यांना कीर येथून मीच आणले नाही काय? ज्या घटनेवर इस्राएलाचा सगळा अभिमान उभा होता, तिच्यासारखीच घटना शत्रूच्या खात्यावरही त्याच देवाने जमा केलेली आहे, असे हा माणूस भर देवस्थानाच्या गावात जाऊन सांगत होता. बेथेलच्या याजकाने त्याला देश सोडून जायला सांगितले यात नवल नाही.

मवाबी लोकांबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण त्यांचा स्वतःचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला आहे. आजच्या जॉर्डनमधील दिबान येथे १८६८ मध्ये एक काळा शिलालेख सापडला; तो पुढे फोडला गेला, तुकडे जुळवून तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ठेवलेला आहे. मवाबाचा राजा मेशा त्यात सांगतो की, कमोश देव आपल्या देशावर कोपला होता म्हणून इस्राएलाचा राजा अम्री याने मवाबाला दीर्घकाळ पीडले. देशावर संकट आले ते आपला देव रागावला म्हणून, ही समजूत इस्राएलाची एकट्याची नव्हती. शेजारच्या डोंगरावरचे त्यांचे वैरी नेमके तसेच बोलत होते. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायात मवाबाचा जन्म लोटाच्या घरातल्या लाजिरवाण्या प्रसंगातून झाल्याचे सांगितले आहे, आणि मवाब्याने दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत येऊ नये असा नियम अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. तरी रूथ मवाबी आहे, आणि तिचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय आणि इशायाचा दावीद. दहा पिढ्यांचा नियम तिसऱ्याच पिढीत सिंहासनावर बसलेला दिसतो.

इथे एक गोष्ट झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. एज्राच्या पुस्तकाच्या शेवटी लोक मोठ्या पावसात थरथरत बसतात, रडतात, पापाची कबुली देतात आणि परजातीच्या बायका व त्यांची मुले घालवून देण्याची शपथ वाहतात. तिथे पश्चात्ताप आणि वंशशुद्धी एकाच दोरीत बांधलेली आहेत. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या मूठभर लोकांची भीती मी समजू शकतो, पण त्या मुलांचे पुढे काय झाले हे त्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही, आणि मला ते अक्षम्य वाटते. मात्र त्याच ग्रंथसंग्रहात यशयाचा छपन्नावा अध्यायही आहे. त्यात परक्याने ‘परमेश्वर मला आपल्या लोकांतून वेगळे करील’ असे म्हणू नये, कारण देवाचे घर सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचे घर आहे, असे सांगितले आहे. मंदिरातील सराफांचे चौरंग उलथताना येशूने जे वचन उच्चारले ते या दुसऱ्या बाजूचे आहे. ग्रंथात दोन्ही आवाज आहेत. कोणता ऐकायचा हे वाचणाऱ्याला ठरवावेच लागते, आणि न ठरवता दोन्ही सारखेच असल्याचे भासवणे हीसुद्धा एक निवडच असते.

हित्ती लोकांचे साम्राज्य एके काळी मिसराशी बरोबरी करणारे होते, हे तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे १९०६ पासून झालेल्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरून जगाला नीट कळले. कनानातल्या हित्त्यांचे त्या साम्राज्याशी नाते काय, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो इथे बाजूला ठेवतो. उपवासकाळात आमच्या उपासनेत जे एकावन्नावे स्तोत्र म्हटले जाते, ज्याच्याइतके पश्चात्तापाचे दुसरे शब्द आम्हांला ठाऊक नाहीत, ते ज्याच्या खुनानंतर लिहिले गेले असे त्याचा मथळा सुचवतो, तो उरीया हित्तीच होता. यरुशलेमात राहणारा हा परका शिपाई, देवाच्या कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, आणि सैन्य उघड्यावर असताना आपण घरी जाऊन सुखाने निजणार नाही म्हणून राजाच्या दारात झोपला. आणि इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याच्या कुळातला, देवाने अभिषेक केलेला राजा दावीद त्याच्या बायकोला घरात घेऊन त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचे पत्र देता झाला. नाथान संदेष्टा गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो, दावीद संतापतो, आणि ‘तो मनुष्य तूच’ हे ऐकल्यावर त्याचे डोळे उघडतात. त्या स्तोत्रात एक वाक्य मला कायम अडखळवते. ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले’ असे दावीद देवाला म्हणतो. मग उरीयाविरुद्ध काय केले? स्तोत्रात त्याचे नाव नाही. ते नाव ठेवले मत्तयाने, आणि ठेवले कुठे, तर येशूच्या वंशावळीत : दावीदाला उरीयाच्या बायकोपासून शलमोन झाला, असे तो लिहितो. बथशेबा असे लिहिता आले असते. खुनाची आठवण राजघराण्याच्या कागदातच कायमची राहावी म्हणून त्याने ते टाळले असावे. त्याच वंशावळीत तामार, राहाब आणि रूथ आहेत. राहाब कनानी, रूथ मवाबी. घराण्याची शान दाखवायला ही नावे कोणी निवडत नाही.

वंशांच्या गोष्टींपैकी सर्वांत विषारी उपयोग ज्या वचनाचा झाला, त्याचा संबंध आमच्या नाशिकशी आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाचा दास होण्याचा शाप त्याचा नातू कनान याच्यावर पडतो; कनानाचा बाप हाम याच्यावर नाही आणि आफ्रिकेवर तर मुळीच नाही. तरीही कित्येक शतके याच वचनाच्या आधाराने, काळे लोक हामाचे वंशज आणि म्हणून गुलामीसाठीच जन्मलेले, असे चर्चच्या व्यासपीठांवरून सांगितले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीत आणली गेली, शिकली, सुतारकाम-लोहारकामात तरबेज झाली. त्यांपैकीच जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्या दफनविधीची प्रार्थना याने वाचली, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या अंत्ययात्रेत तो होता. शरणपूरची बरीच मंडळी पुढे मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन या मुक्त गुलामांच्या वस्तीत गेली. आपल्या शहरातल्या शाळांत हा इतिहास शिकवला जात नाही याची मला खंत आहे. ज्यांना शापित वंश म्हणून विकले गेले, त्यांच्यातल्याच एकाने त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध मिशनऱ्याला मूठमाती देताना देवाचे वचन वाचले. शाप कोणाच्या माथी होता आणि पश्चात्ताप कोणी करायला हवा होता, याचा हिशेब पाश्चात्त्य चर्चने पुष्कळ उशिरा मांडला.

हरवलेल्या दहा वंशांच्या शोधात असलेल्यांनी योनाचे छोटे पुस्तक पुन्हा वाचावे असे मी सुचवीन. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास उत्तरेकडच्या इस्राएलाची राजधानी शोमरोन पाडून ते वंश ज्यांनी देशोधडीला लावले ते अश्शूरी लोक, आणि निनवे ही त्यांची पुढची राजधानी. जुन्या करारातला सर्वांत संपूर्ण पश्चात्ताप याच निनवेत घडतो. चाळीस दिवसांची मुदत मिळते. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. गुराढोरांवरसुद्धा गोणपाट घातले जाते. आणि प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा असे फर्मान निघते. रागावतो तो संदेष्टा योना, कारण शत्रूला क्षमा मिळालेली त्याला पाहवत नाही. आजच्या मोसुलजवळ योनाची म्हणून मानली जाणारी जी कबर मुसलमानांना आणि ख्रिस्त्यांनाही पवित्र होती, ती २०१४ च्या जुलैत आयसिसने स्फोटांनी उडवून दिली.

आपल्या भागात पूर्वजांचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगताच पणजोबांची सही दाखवली जाते. आमच्यापैकी काही ख्रिस्ती कुटुंबांचे चार-पाच पिढ्यांमागचे पूर्वजही तिथे सापडू शकतील. त्यात वाईट काही नाही, मला स्वतःला त्या वह्यांविषयी आदर आहे. पण त्याच त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांना आणि त्यांच्या भावंडांना, वडील संन्यासातून परत संसारात आले म्हणून, धर्मपीठाकडे शुद्धिपत्र मागण्याची वेळ आली, आणि आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, असे परंपरा सांगते. बापाने आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा उच्चारू नका, जो पाप करील तोच मरेल, असे यहेज्केल अठराव्या अध्यायात सांगतो, तेव्हा या भावंडांची आठवण मला होतेच. हाच यहेज्केल सोळाव्या अध्यायात यरुशलेमेला तोंडावर ऐकवतो की, तुझा बाप अमोरी आणि तुझी आई हित्ती होती.

आणि म्हणूनच यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा देणारा योहान जे बोलला ते नवे नव्हते. त्याने फक्त धार लावली. अब्राहाम आमचा बाप आहे असे आपल्या मनात म्हणू नका, देव या धोंड्यांतूनही अब्राहामाला मुले उत्पन्न करू शकतो, पश्चात्तापाला शोभेल असे फळ द्या, असे त्याने बाप्तिस्म्यासाठी आलेल्यांना बजावले. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात की, मग आम्ही काय करावे? उत्तर अगदी रोकडे आहे : ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कोणाकडून जुलमाने पैसे काढू नयेत आणि पगारात भागवावे. गंमत अशी की त्याच अध्यायाचा उत्तरार्ध येशूच्या वंशावळीचा आहे, आणि लूक ती अब्राहामापाशी थांबवत नाही. मागे नेत नेत आदामापर्यंत पोहोचवतो, जिथे कनानी, कूशी, पलिष्टी आणि नाशिककर सगळेच येऊन मिळतात.

कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत आलो त्या बेने इस्राएल समाजाच्या जनुकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा दिसला. नवगावजवळ फुटलेल्या जहाजाची त्यांची आख्यायिका त्यामुळे सिद्ध झाली नाही आणि खोटीही ठरली नाही. पण डीएनए येण्याच्या कितीतरी आधीपासून, तेल गाळत आणि मराठी बोलत, त्यांनी शनिवार पाळला आणि मुलांची सुंता केली. त्यांची श्रद्धा प्रयोगशाळेच्या दाखल्यासाठी थांबलेली नव्हती.

आमच्या मंडळीत मात्र दाखले अजून मागितले जातात, आणि हे लिहिणे मला सोपे नाही. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की बाप्तिस्मा कधी झाला यापेक्षा तुम्ही ‘मूळचे कोण’ हे अधिक हळू आवाजात आणि अधिक आवर्जून विचारले जाते. उच्चवर्णीय घरातून ख्रिस्ती झालेले पूर्वज कौतुकाने सांगितले जातात, आणि गावकुसाबाहेरून आलेल्या, संख्येने कितीतरी अधिक असलेल्या पूर्वजांविषयी घरातसुद्धा मौन पाळले जाते. आता यात इस्राएली वंशाच्या नव्या दाव्यांची भर पडू लागली आहे. म्हणजे जातीच्या उतरंडीवर आणखी एक मडके. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन, ‘तू माती आहेस’ हे ऐकून घरी आल्यावर स्थळाची जात चाचपणाऱ्यांना योहानाने काय म्हटले असते, ते मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात आहे. ते मी इथे उद्धृत करीत नाही. आमच्या धर्मगुरूंनी येत्या उपवासकाळात निदान एक प्रवचन या एका प्रश्नावर, नाव घेऊन, करावे अशी माझी त्यांना विनंती आहे.

आपल्याला विनंती एवढी की, अशा संशोधनाची बातमी देताना नमुने किती, कोणत्या गावचे आणि किती जुने हे अवश्य छापावे, आणि बायबलशी तुलना करायची असल्यास संबंधित अध्याय उघडून पाहावा. तसेच प्राचीन नावे आजच्या कोणत्याही समाजाला चिकटवून, अमुक लोक म्हणजे पलिष्टी, तमुक म्हणजे (इस्राएलाचे आणखी एक जुने वैरी) अमालेकी, असे सुचवणाऱ्या मजकुराला आपल्या पानांवर जागा देऊ नये. अष्कलोनातल्या पलिष्ट्यांचे वेगळेपण दोनशे वर्षांतच विरून गेले होते. त्यांच्या नावाने आज कोणाच्या घरावर बॉम्ब टाकण्याचे समर्थन करणे इतिहासातही बसत नाही आणि श्रद्धेतही बसत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
शरणपूर, नाशिक